रसशाळेतील बदल आणि पादांशिक क्रम

आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या आजच्या पिढीला जेवढे बदल पचवावे लागले, तेवढे तिच्या आधीच्या पिढ्यांना क्वचितच पचवावे लागले असतील. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांमध्ये २३ जून २००० च्या अधिसूचनेने ‘शेड्यूल टी’ आले आणि उत्तम निर्मिती पद्धती, म्हणजे आपण ज्याला ‘जीएमपी’ म्हणतो ती, आयुर्वेदीय औषधांना लागू झाली. ७ मार्च २००३ रोजी त्याचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी छापून आली. त्यांपैकी १४ उत्पादनांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे तीत म्हटले होते. पुढे १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी बंधनकारक झाली. त्यानंतर औषधांच्या वीर्यमर्यादेचे नियम आले. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तर २०२१ च्या दुरुस्तीने परवान्याचे कामकाज ऑनलाइन झाले.

या प्रत्येक बदलावर आपल्या चर्चासत्रांतून पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. जागा किती हवी, यंत्रे कोणती हवीत, नोंदवह्या कशा ठेवाव्यात, या विषयांची माहिती आता बहुतेकांना आहे. ज्याची चर्चा फारशी होत नाही, तो विषय निराळा आहे. हे सारे बदल प्रत्यक्षात ज्यांच्या हातांनी घडायचे असतात, त्या माणसांना बरोबर कसे न्यावे? भट्टीपाशी उभा राहणारा जुना कारागीर, खल चालविणारा मजूर, पुड्या आणि बरण्या भरणाऱ्या भगिनी, दुकानातील विक्रेता, चिकित्सालयात मिश्रणे करून देणारा साहाय्यक, या सर्वांना बदलाच्या वाटेवर नेण्याचे काम मालक-वैद्यांचे असते. त्याविषयी काही विचार येथे मांडावेत, असे आम्हांस वाटते.

चिकित्सेचा तिसरा पाद

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. या चौघांत उपस्थात्याला स्वतंत्र स्थान आहे आणि उपचारांचे ज्ञान, दक्षता, स्वामीविषयी अनुराग व शुचिता हे चार गुण त्याच्या ठायी अपेक्षिलेले आहेत. मूळ संदर्भात उपस्थाता म्हणजे रुग्णाची परिचर्या करणारा. परंतु आज औषध रुग्णापर्यंत पोहोचण्यापूर्वी ज्या हातांतून जाते, ते सर्व हात उपस्थात्याचेच आहेत, असे मानल्यास वावगे होणार नाही.

आता गंमत अशी की शेड्यूल टीमध्ये कामगारांकडून जे अपेक्षिले आहे, ते या चार गुणांपासून फार दूर नाही. स्वच्छ गणवेश, हात-पाय व डोके झाकण्याची व्यवस्था, वर्षातून किमान एकदा वैद्यकीय तपासणी, स्त्री-पुरुषांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, ही सर्व शौचाचीच अंगे होत. दक्षता नोंदवहीत उमटते. ज्ञान प्रशिक्षणाने येते. चौथा गुण जो अनुराग, तो मात्र कोणत्याही अधिसूचनेने निर्माण करता येत नाही. बदलाच्या काळात नेमका तोच गुण पणाला लागतो आणि पुष्कळ ठिकाणी तोच प्रथम गमावला जातो.

विरोधाचे निदान

सातारा व सांगली हे दोन्ही जिल्हे औषधनिर्मितीच्या दृष्टीने भाग्यवान आहेत. महाबळेश्वर-जावळीच्या डोंगरांतला हिरडा, सांगलीच्या बाजारातील हळद, आयुर्वेदीय अर्कशाळेसारखी साताऱ्याची जुनी संस्था, आर्यांग्ल वैद्यक महाविद्यालयाची अध्यापनाची परंपरा, हे सर्व आपल्या दाराशी आहे. त्याबरोबरच पाच-दहा माणसांवर चालणाऱ्या लहान फार्मसी हेही या भागाचे एक रूप आहे. अशा फार्मसीच्या मालकांशी बोलताना एक वाक्य आम्हांस वारंवार ऐकावयास मिळते. ते म्हणजे, ‘आमची जुनी माणसे नवे काही ऐकतच नाहीत.’

हे वाक्य म्हणजे लक्षण आहे, निदान नव्हे. ज्वर हे जसे अनेक व्याधींत दिसते, तसा बदलाला होणारा विरोधही अनेक कारणांनी होतो आणि कारण न पाहता केलेला उपाय वाया जातो. आमच्या पाहण्यात अशी चार कारणे प्रामुख्याने येतात.

पहिले कारण अज्ञान. नवी गोष्ट का करावयाची, हे सांगितलेलेच नसते. ‘इन्स्पेक्टर येणार आहेत, टोप्या घाला’ एवढेच सांगितले, तर टोपी इन्स्पेक्टरसाठी आहे असाच अर्थ घेतला जातो आणि ते गेले की टोपी खुंटीवर जाते. दुसरे कारण भय. चूर्णयंत्र आले की कुटणाऱ्याचे काय, संगणक आला की वही लिहिणाऱ्याचे काय, हा प्रश्न मनात असतो. तो कोणी उघड विचारीत नाही आणि मालकही आपण होऊन त्याचे उत्तर देत नाहीत. तिसरे कारण मानहानी. तीस वर्षे ज्याने बोटांत तार पाहून पाक ओळखला, त्याच्या हाती एके दिवशी तापमापक दिला आणि ‘आता यावर पाहा’ असे म्हटले, तर त्याच्या आयुष्यभराच्या विद्येला आपण निरुपयोगी ठरविले, असे त्याला वाटल्याशिवाय राहत नाही. चौथे कारण केवळ श्रम. जुने काम तेवढेच राहते, वर नव्या नोंदी येतात आणि वेळ मात्र वाढवून मिळत नाही.

यांपैकी पहिल्यावर उपाय समजावून सांगणे, दुसऱ्यावर आश्वासन, तिसऱ्यावर सन्मान आणि चौथ्यावर कामाची फेरवाटणी. अज्ञानावर रागावणे किंवा भयावर व्याख्यान देणे म्हणजे पित्तावर उष्ण उपचार करण्यासारखे होय.

आमच्या ऐकिवात असलेल्या एका रसशाळेचे उदाहरण येथे पुरेसे आहे. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. तेथे एका महिन्यात सर्व काही बदलले. नवी इमारत, नव्या कढया, नव्या वह्या, नवा पदवीधर पर्यवेक्षक. भट्टीवरील ज्येष्ठ कारागिराला कोणी काढले नाही. पण त्याला कोणी काही विचारलेही नाही. काही आठवड्यांनी तो आपण होऊन कामावर यावयाचा थांबला. त्यानंतरच्या अवलेहांत वारंवार साखर बसू लागली. तापमापक बरोबर होता, वजने बरोबर होती, नोंदीही चोख होत्या. अग्नी कधी मंद करावयाचा आणि ढवळणे केव्हा थांबवावयाचे, हे ज्याला ठाऊक होते तो माणूसच तेथे नव्हता आणि त्याचे ज्ञान कोठे लिहूनही ठेवलेले नव्हते. कागदावर ती रसशाळा पूर्वीपेक्षा चांगली झाली होती. औषध मात्र पूर्वीचे राहिले नव्हते.

कुंडलच्या माळावर

माणसांना बरोबर घेऊन बदल घडविण्याचे एक मोठे उदाहरण आपल्याच भागात घडलेले आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांना बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ दिला. औंध आज सातारा जिल्ह्यात आणि कुंडल सांगली जिल्ह्यात आहे. संस्थान मात्र एकच होते. १९१० साली निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर कारखाना व वसाहत उभी राहू लागली. हीच पुढे किर्लोस्करवाडी झाली.

लक्ष्मणरावांपुढे दोन आघाड्यांवर बदल घडविण्याचे काम होते. पहिली आघाडी शेतकऱ्यांची. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, असा त्या वेळी समज होता आणि बेळगावी तयार केलेले पहिले नांगर जवळजवळ दोन वर्षे विक्रीवाचून पडून होते. हा समज उपहासाने गेला नाही. ज्या थोड्या शेतकऱ्यांनी धाडस केले, त्यांच्या शेतातल्या पिकाने तो दूर केला. दुसरी आघाडी कारखान्यातली. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या, यंत्र कधी न पाहिलेल्या माणसांतूनच ओतारी, सुतार आणि यंत्रकारागीर घडवावयाचे होते. ज्यांच्यावर समाजाने गुन्हेगारीचा शिक्का मारला होता, अशा माणसांनाही लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे, म्हणजेच विश्वासाचे काम दिले. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही.

आणखी एक गोष्ट औषधनिर्मात्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे पत्रक निघू लागले. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक. पुढे त्याचे मोठे मासिक झाले आणि मराठी वाङ्मयात त्याला स्थान मिळाले, हे सर्वविदित आहे. परंतु मुळात ते कारखान्याची खबर देणारे पत्रक होते. काय चालले आहे आणि काय नवे होत आहे, हे आपण होऊन सांगितले पाहिजे, ही जाणीव त्यामागे होती. आपल्या दहा माणसांच्या फार्मसीला मासिक काढण्याची आवश्यकता नाही. दर सोमवारी कामाच्या आरंभी दहा मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे आणि मालकाने या आठवड्यात काय होणार, हे सांगावे. एवढीही ‘खबर’ बहुतेक ठिकाणी दिली जात नाही. जेथे अधिकृत बातमी मिळत नाही, तेथे अफवा पिकते, हे काय वेगळे सांगावयास हवे?

पायजम्याच्या कारखान्यातील प्रयोग

हा अनुभव केवळ आपल्याकडचाच आहे असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात हारवूड नावाच्या पायजमे शिवणाऱ्या कारखान्यात लेस्टर कोच व जॉन फ्रेंच या दोघांनी बदलाला होणाऱ्या विरोधाचा अभ्यास केला आणि तो १९४८ साली प्रसिद्ध केला. कामाची पद्धत बदलावयाची होती. एका गटाला बदल ठरल्यावर केवळ कळविण्यात आला. दुसऱ्या गटाने आपले प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत भाग घेतला. आणखी दोन लहान गटांत प्रत्येक कामगाराने नव्या पद्धतीच्या आखणीत प्रत्यक्ष भाग घेतला. ज्या गटाला केवळ सांगण्यात आले, त्याचे उत्पादन खाली गेले ते खालीच राहिले आणि पहिल्या चाळीस दिवसांत १७ टक्के कामगार काम सोडून गेले. ज्यांनी भाग घेतला, त्यांच्यातून या काळात कोणीही गेले नाही. प्रत्येकाला सहभागी करून घेतलेल्या गटांचे उत्पादन तर बदलापूर्वीच्या पातळीच्याही वर जाऊन स्थिरावले.

मजुरीची रीत तीच, कामातील बदलही साधारण तेवढाच. भेद पडला तो माणसांना विचारले की नाही, एवढ्याचाच.

पादांशिक क्रम

ही गोष्ट आयुर्वेदीयांना परदेशातून शिकावी लागते असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, न वेगान्धारणीय अध्यायात, सवयीचे झालेले अहितकर सोडून हितकराचा अभ्यास कसा करावा, याचा क्रम सांगितला आहे. जे सोडावयाचे त्याचा चौथा हिस्सा प्रथम सोडावा आणि तेवढाच हिस्सा नव्याचा घ्यावा. मग एक, दोन, तीन दिवसांचे अंतर वाढवीत पुढील हिस्सा बदलावा. वाग्भटाचार्यांनी तर चौथा हिस्साही जड जाईल तेथे त्याच्याही चौथ्या हिश्श्याची मुभा दिली आहे आणि जे सात्म्य झाले ते एकदम सोडल्यास व्याधी उद्भवतात, असे बजावले आहे. अशा क्रमाने सुटलेले पुन्हा डोके वर काढत नाही आणि जडलेले टिकून राहते, हा या उपदेशाचा आशय आहे.

आपण रुग्णाला तंबाखू सोडावयास सांगताना, चहा कमी करावयास सांगताना हा क्रम पाळतो. आपल्याच रसशाळेतील माणसांच्या बाबतीत मात्र तो विसरतो. कामाची जुनी पद्धत हीसुद्धा त्यांना सात्म्य झालेली असते. ती आहारासारखीच अंगात मुरलेली असते.

या क्रमातील अंतराकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. दोन पायऱ्यांमधले दिवस वाया गेलेले नसतात. त्या काळात नव्याचे सात्म्य होत असते. पहिली गोष्ट अंगवळणी पडण्यापूर्वीच दुसरी लादली, तर दोन्ही निसटतात.

चार पाद, एक वर्ष

पाच ते दहा माणसांच्या फार्मसीने एखादा मोठा बदल करावयाचा झाल्यास तो सुमारे एका वर्षात, चार पादांत कसा करावा, याची एक रूपरेषा पुढे देत आहोत. प्रत्येकाने आपल्या देशकालानुसार तीत फेरफार करावा.

पहिला पाद शरीराचा व जागेचा. गणवेश, हात धुण्याची सोय, चपला ठेवण्याची जागा, कच्चा माल व तयार माल यांची वेगळी मांडणी. यात लिहिण्याचे काम नसते, म्हणून अल्पशिक्षित माणसालाही यश लवकर मिळते. गणवेश कोणत्या कापडाचा असावा, हे भट्टीजवळ उभे राहणाऱ्यांना विचारून ठरवावे. उन्हाळ्यात सांगली-मिरजेच्या हवेत जाड कृत्रिम कापड कोण अंगावर ठेवील? आणि मालकाने स्वतः टोपी घातल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. या एका आचरणाने जे साधते, ते दहा फलकांनी साधत नाही.

दुसरा पाद आवकीचा. आलेल्या प्रत्येक पोत्यावर चिठ्ठी असावी. द्रव्याचे नाव, कोठून आले, केव्हा आले, वजन किती, तपासले की नाही, एवढाच मजकूर पुरे. सांगलीच्या बाजारातून आलेले हळदीचे पोते आणि डोंगरातून आलेला हिरडा यांची ओळख पुढे बरणीपर्यंत टिकली पाहिजे, हे कारण सर्वांना समजावून सांगावे. पूर्वी माल पाहून-हुंगून घेणारा जो अनुभवी माणूस असेल, त्याच्याच हाती या चिठ्ठ्यांचे काम द्यावे. त्याला लिहिता येत नसेल तर तो सांगेल आणि दुसरा लिहील, अशी जोडी लावावी.

तिसरा पाद निर्मितीच्या नोंदीचा. हा सर्वांत नाजूक. बॅचची नोंदवही बाहेरून छापून आणण्यापूर्वी एक महिनाभर कारागिराच्या शेजारी बसून तो काय पाहतो, ते लिहून घ्यावे. अवलेहाची तार, पाण्यात टाकल्यावर बुडणे व न पसरणे, बोटाचा ठसा उमटणे. तैल सिद्ध होताना येणारा फेस आणि घृत सिद्ध होताना शमणारा फेस. कल्काची वळणारी वात. भस्माचे पाण्यावर तरंगणे व बोटांच्या रेषांत शिरणे. ही सर्व लक्षणे ग्रंथोक्त आहेत आणि कारागिराला ती ग्रंथ न वाचताही ठाऊक असतात. नोंदवहीत तापमान व वेळ यांच्या शेजारीच या लक्षणांसाठीही रकाने ठेवावेत. असे केल्याने दोन गोष्टी साधतात. कारागिराला आपली विद्या वहीत आलेली दिसते आणि तो तापमापकाला शत्रू मानीत नाही. दुसरे म्हणजे, तो निवृत्त झाल्यावरही ती विद्या रसशाळेतच राहते.

चौथा पाद परीक्षण, तक्रार-नोंद आणि संगणकाचा. बाजारातून आलेली तक्रार ज्या दिवशी नोंदवहीत येते, त्या दिवशी ती ज्यांनी औषध केले त्यांनाही वाचून दाखवावी, पण दोषी शोधण्यासाठी नव्हे. तक्रार सांगणाऱ्या विक्रेत्यावर किंवा चूक कबूल करणाऱ्या कामगारावर एकदा जरी आवाज चढला, तरी पुढची चूक लपविली जाईल आणि ती रुग्णाच्या घरी जाऊन उघडी पडेल. संगणक शेवटी ठेवावा, असे आमचे मत आहे. जी नोंद कागदावर नीट होत नाही, ती पडद्यावरही नीट होत नाही. तरुण कामगारांना संगणक लवकर येतो. त्यांनी ज्येष्ठांना तो शिकवावा आणि त्याच्या बदल्यात ज्येष्ठांनी त्यांना पाक शिकवावा. देवघेव दोन्ही बाजूंनी असली म्हणजे कोणाचाही मान जात नाही.

प्रत्येक पादानंतर तीन-चार आठवडे काहीही नवे करू नये. ‘काय जड जाते?’ एवढे मात्र आवर्जून विचारावे.

आत्ययिक अवस्था

येथे एक अपवाद स्पष्ट केला पाहिजे. सर्वच गोष्टी पादांशाने बदलावयाच्या नसतात. आत्ययिक अवस्थेत वैद्य क्रम पाहत बसत नाही. वत्सनाभ, भल्लातक, कुपीलु, जयपाल अशी सविष द्रव्ये कुलपात असणे, पारद, हरताल, मनःशिला हाताळताना नाक व हात झाकलेले असणे, भट्टीच्या धुराला बाहेर जावयास वाट असणे, यांत चौथा हिस्सा आज आणि चौथा उद्या असे चालणार नाही. जेथे कामगाराच्या किंवा रुग्णाच्या जिवाला धोका आहे, तेथे बदल त्याच दिवशी व पूर्ण झाला पाहिजे. मात्र तेथेही कारण सांगणे टळत नाही. भल्लातकाने अंगावर उठलेले फोड ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हातमोज्याचे महत्त्व एका वाक्यात पटते.

दोन आक्षेप

आमच्या या प्रतिपादनावर दोन आक्षेप येतील, याची आम्हांस कल्पना आहे.

पहिला असा की, कायद्याची मुदत आपल्या सोयीने चालत नाही. हे खरे आहे. पण मुदत असते ती पूर्णतेची. प्रारंभ केव्हा करावयाचा, हे आपल्याच हाती असते. अधिसूचना निघाली की ती कपाटात ठेवावयाची आणि अखेरच्या महिन्यात धावपळ करावयाची, ही सवय आपल्यापैकी अनेकांची आहे. मालकांनी गमावलेले अकरा महिने मग कामगारांच्या माथी एका महिन्यात मारले जातात आणि त्यालाच आपण ‘माणसे ऐकत नाहीत’ असे नाव देतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. किमान १,२०० चौरस फूट आच्छादित जागा, स्वतंत्र विभाग, यंत्रसामग्री या सर्वांना पैसा लागतो आणि लहान निर्मात्याचे त्यात कंबरडे मोडते, याबद्दल आमचे दुमत नाही. आपल्या रुग्णांपुरतेच औषध करणाऱ्या व बाजारात न विकणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांना शेड्यूल टीमधून सूट आहे, तीही याच विचाराने असावी. परंतु या लेखात सांगितलेल्या गोष्टींपैकी सोमवारची दहा मिनिटे, कारण सांगणे, विचारून ठरविणे, कारागिराचे शब्द वहीत घेणे, यांपैकी एकालाही पैसा लागत नाही. लागतो तो वेळ आणि मालकाचा थोडा कमीपणा. चिकित्सालयापुरते औषध करणाऱ्या वैद्यांनाही ते सहज करता येण्यासारखे आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे केली पाहिजे. यंत्र आल्यामुळे खरोखरच एखाद्याचे काम जाणार असेल, तर ते आधी सांगावे आणि त्याला दुसरे काम देता येत असेल तर तेही आधीच ठरवावे. ‘काही होणार नाही’ असे सांगून सहा महिन्यांनी निरोप देणाऱ्या मालकाचा शब्द त्यानंतर उरलेल्यांपैकी कोणीही खरा मानीत नाही. अनुराग जातो तो असा, आणि तो वेतनवाढीनेही परत येत नाही.

उपसंहार

येत्या काळात बदल थांबतील असे दिसत नाही. परीक्षणाचे निकष अधिक कडक होतील, नोंदी अधिक मागितल्या जातील, ग्राहक अधिक प्रश्न विचारील. त्यात वाईट काही नाही. शार्ङ्गधराचार्यांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांत उणावते असे सांगितले. आज वेष्टनाची साधने बदलली आणि शासनाच्या नियमांत वीर्यमर्यादाही निराळी आली. शास्त्र बदलाला घाबरलेले नाही. मग शास्त्राच्या आधारे चालणाऱ्या रसशाळेने का घाबरावे?

भीती आहे ती निराळी. आपल्या दोन जिल्ह्यांत भट्टीपाशी बसून पाक ओळखणारी जी माणसे आज साठीच्या घरात आहेत, त्यांच्या हातचे ज्ञान पुढील दहा-पंधरा वर्षांत एकतर नोंदवहीत आणि तरुण हातांत उतरेल, किंवा त्यांच्याबरोबर जाईल. बदल त्यांना वगळून केला तर दुसरी गोष्ट निश्चित आहे.

आपल्या रसशाळेत येत्या तिमाहीत जो कोणता बदल करावयाचा असेल, त्याचा पहिला पाद कोणता, हे ठरविण्यापूर्वी वैद्यबंधूंनी व भगिनींनी आपल्या सर्वांत जुन्या कामगाराला समोर बसवून त्याचे मत विचारावे, एवढीच आमची विनंती आहे.